चार माणसं, एक नाव



आज लिहायचंय ते चार गाणाऱ्या माणसांबद्दल. माणसं अमेरिकेतल्या डेट्रॉईटची, गाणं इंग्रजी, आणि मी मराठी माध्यमात शिकलेली आणि जन्मभर मराठीतच शिकवलेली बाई. तेव्हा घरातल्या काही जणांच्या भुवया वर जाणार, हे धरूनच लिहायला बसले आहे. पण शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवल्यावर एक खोड लागते. जिथे सनावळी, कागदपत्रं आणि माणसांचे हट्ट एका जागी सापडतात, तिथून पाय निघत नाही. इथे तर कागदाच्या जागी ध्वनिमुद्रिका आहेत, आणि त्या कागदापेक्षा जास्त बोलतात. (आणि जास्त लपवतातही. त्याबद्दल पुढे.)

माझा भाचा मिशिगनमध्ये असतो. त्याच्याकडे गेले असताना त्याने मला मोटाउन कंपनीचं जुनं घर दाखवायला नेलं. २६४८, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड. पांढरं, बुटकं, साधंसं घर आणि वर निळ्या अक्षरांत 'हिट्सव्हिल, यू. एस. ए.' ही पाटी. आपल्याकडे एखाद्या डॉक्टरचा घरातच दवाखाना असतो ना, तसं. आतली गाण्याची खोली पाहिली आणि वाटलं, आमचा शाळेतला प्रयोगशाळेचा वर्ग याहून ऐसपैस होता. छताला एक भोक पाडलेलं आहे, गाण्यात घुमारा यावा म्हणून. त्या खोलीतून साठीच्या दशकात निघालेली गाणी अख्ख्या जगाने ऐकली. परत येताना गाडीत भाच्याने जी सीडी लावली, ती 'फोर टॉप्स' या चौघांची होती.

त्यांची नावं आधी सांगून टाकते. लीव्हाय स्टब्स, अब्दुल फकीर (सगळे त्याला ड्यूक म्हणत), रेनाल्डो बेन्सन (हाक मारायचं नाव ओबी), आणि लॉरेन्स पेटन. अब्दुल फकीर हे नाव ऐकून मी भाच्याला सीडी थांबवायला लावली. कारण तसंच निघालं. त्याचे वडील आपल्या उपखंडातले, तेव्हाच्या पूर्व बंगालातले, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. ते कारखान्यांच्या डेट्रॉईटमध्ये जाऊन स्थिरावले, आणि मुलगा तिथेच १९३५ साली जन्मला.

स्टब्स आणि फकीर एका शाळेतले, बेन्सन आणि पेटन दुसऱ्या. १९५३-५४ च्या सुमारास कुणाच्या तरी वाढदिवसाला चौघं एकत्र गायले आणि आवाज जुळले. त्या दिवसापासून १९९७ पर्यंत हेच चौघं राहिले. एकही माणूस बदलला नाही, कुणी रुसून गेलं नाही, कुणाला काढलं नाही. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षं! आपल्याकडच्या नाटक मंडळ्या आठवा. किर्लोस्कर मंडळीतून १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे बाहेर पडले त्याची हळहळ आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत पुरली. अमेरिकेतल्या या 'सोल' गाण्याच्या जगात तर हे रोजचंच. सोल म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधली आर्त भक्तिगीतं आणि शहरातला नाचाचा ठेका यांच्या मिलाफातून झालेली गायकी. त्यातले समूह नावाने टिकत, माणसं मात्र आगगाडीच्या डब्यातल्यासारखी चढत-उतरत असत. 'टेम्प्टेशन्स' हा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच कंपनीतला समूह. त्यात किती माणसं आली-गेली याची यादी करायची तर वही लागेल.

सुरुवातीला यांचं नाव 'फोर एम्स' होतं. 'एम्स ब्रदर्स' नावाचे गायक आधीच प्रसिद्ध होते, घोटाळा नको म्हणून 'फोर टॉप्स' केलं. १९५६ साली शिकागोच्या चेस कंपनीने पहिली ध्वनिमुद्रिका काढली. चालली नाही. मग आणखी एक छोटी कंपनी, मग १९६० मध्ये कोलंबिया, मग १९६२ मध्ये रिव्हरसाइड. एकही चालली नाही. पहिल्या मुद्रिकेपासून पहिल्या यशापर्यंत आठ वर्षं गेली, आणि ती त्यांनी हॉटेलं, क्लब आणि बिली एकस्टाइनसारख्या मोठ्या गायकाबरोबरच्या दौऱ्यांत काढली. या वर्षांबद्दल त्यांच्यावर लिहिणारे दोन ओळी लिहून पुढे जातात. मला वाटतं पुढचं सगळं इथेच ठरलं. जॅझच्या धाटणीच्या चौपदरी स्वरजुळण्या ते इथे शिकले. कुठला स्वर कुणी घ्यायचा हे पेटन बसवून देई. फकीरचा आवाज सर्वांत वरचा, बेन्सनचा सर्वांत खालचा, पेटन मध्ये, आणि स्टब्स पुढे. आठ वर्षं पदरी काही नसताना जे चौघं वेगळे झाले नाहीत, ते पैसे आल्यावर का होतील?

१९६३ मध्ये बेरी गॉर्डीने त्यांना मोटाउनमध्ये घेतलं. या गृहस्थाने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन १९५९ साली कंपनी काढली होती. त्याआधी तो मोटारीच्या कारखान्यात कामाला होता. तिथे सांगाडा एका टोकाने आत येतो आणि दुसऱ्या टोकाने चालती गाडी बाहेर पडते, तसं गाण्याचं करायचं, ही त्याची कल्पना. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे, आणि शेवटी माल बाजारात जाण्याआधी तपासणारी बैठकसुद्धा होती! ऐकायला रुक्ष वाटतं. पण तपासून पाठवलेला माल कसा निघाला ते कानांनीच ठरवावं.

गंमत अशी की गॉर्डीला प्रथम यांचं काय करावं ते कळलं नाही. त्याने त्यांच्याकडून जॅझ ढंगाची गाणी मुद्रित करून घेतली आणि ती कपाटात ठेवून दिली. दरम्यान हे चौघं दुसऱ्यांच्या गाण्यात मागे आवाज देत होते. 'सुप्रीम्स' या मुलींच्या एका १९६३ च्या मुद्रिकेत मागचे पुरुषी आवाज यांचेच आहेत. मग कंपनीतल्या तीन गीतकार-संगीतकारांनी, म्हणजे ब्रायन आणि एडी हे हॉलंड बंधू आणि लॅमाँट डोझियर यांनी, एक तयार साथसंगत यांच्यापुढे ठेवली. एका रात्री क्लबमध्ये निरोप आला, आणि तिथून उठून मध्यरात्रीनंतर जाऊन यांनी ते गायलं. 'बेबी आय नीड युअर लव्हिंग'. १९६४ मध्ये ते अमेरिकेच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं.

आता त्या गाण्यांमधली खरी मेख सांगते. स्टब्सचा आवाज मुळात खालच्या पट्टीचा, भरदार. त्या काळी पुष्कळ समूहांत मुख्य गायक उंच, पातळ आवाजाचा असे. हॉलंड-डोझियर-हॉलंड यांनी काय केलं, तर गाणी मुद्दाम स्टब्सच्या सोयीच्या पट्टीच्या वर रचली. त्याला सहज गाता येऊ नये, प्रत्येक ओळीला स्वराकडे हात उंचावून झेप घ्यावी लागावी, अशी. त्यामुळे तो गाताना विनवतो आहे, ओरडतो आहे, आवाज आता फाटेल की काय असं वाटतं. मागे मात्र तिघांचे सूर इस्त्री केल्यासारखे सपाट आणि शांत. पुढे एक माणूस कोसळतो आहे आणि मागे तीन मित्र त्याला धरून उभे आहेत, असं काहीसं ते ऐकू येतं. इंग्रजी शब्द मला अर्धेच कळले होते, तरी पहिल्या खेपेलाच एवढं कळलं.

१९६५ च्या जूनमध्ये 'आय कान्ट हेल्प मायसेल्फ' पहिल्या क्रमांकावर गेलं. स्टब्सला त्यातलं आपलं गाणं पसंत नव्हतं. पुन्हा एकदा घेऊ द्या म्हणाला. उद्या घेऊ, असं त्याला सांगण्यात आलं, आणि तो उद्या काही उगवला नाही. नापसंत असलेलं ते गाणं त्याला पुढे पस्तीस वर्षं जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात गावं लागलं!

त्याच उन्हाळ्यात आणखी एक प्रकार घडला. यांची हवा झालेली पाहून कोलंबिया कंपनीने १९६० ची ती पडलेली मुद्रिका पुन्हा बाजारात आणली. गॉर्डी खवळला. नवं गाणं ताबडतोब पाहिजे! एका दिवसात गाणं लिहिलं, मुद्रित केलं, तबकड्या काढल्या आणि रेडिओवर पोचवल्या. नाव काय, तर 'इट्स द सेम ओल्ड साँग'. म्हणजे तेच ते जुनं गाणं. आधीच्या गाण्याच्या चालीशी ते इतकं मिळतंजुळतं आहे की नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी. पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं तेही.

आणि मग १९६६. 'रीच आउट, आय विल बी देअर'. सुरुवातीला बासरीसारखं काहीतरी दुरून वाजतं, घोड्याच्या टापांसारखा ठेका येतो, आणि स्टब्स गाण्याऐवजी जवळजवळ हाका मारायला लागतो. त्या तिघा रचनाकारांच्या कानात तेव्हा बॉब डिलन घुमत होता, आणि त्याच्यासारखी अर्धी बोललेली, अर्धी फेकलेली ओळ त्यांना हवी होती. स्टब्स गाणारा माणूस, त्याला हे परकं वाटलं. चौघांना तो एक प्रयोग वाटला होता. गॉर्डीने हेच पुढचं गाणं म्हणून काढायचं ठरवलं तेव्हा यांनी 'हे नको' म्हणून त्याला विनवलं. ऑक्टोबर १९६६ मध्ये ते अमेरिकेत दोन आठवडे आणि त्यापाठोपाठ ब्रिटनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. बीटल्सचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याने त्यांना त्याच वर्षी लंडनला गायला नेलं. पुढे १९६८ च्या सुरुवातीला त्यांच्या निवडक गाण्यांची तबकडी ब्रिटनच्या यादीत पहिली आली. मोटाउनच्या कुठल्याही तबकडीला तोवर तिथे हे जमलं नव्हतं.

'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ लव्ह' आणि 'बर्नाडेट' ही त्यापाठची दोन. माझं मत विचाराल तर 'बर्नाडेट' सगळ्यांत वरचं. शेवटाकडे सगळी वाद्यं गप्प होतात, क्षणभर नुसती शांतता, आपल्याला वाटतं संपलं, आणि स्टब्स त्या बाईच्या नावाने अशी हाक मारतो की हातातली भाजी निवडायची राहते. (माझी खरोखर राहिली होती.) खाली जेम्स जेमर्सन नावाचा बेस गिटार वाजवणारा जे काही वाजवतो आहे ते स्वतंत्रपणे पुन्हा ऐकण्याजोगं आहे. तबल्यातला डग्गा नुसता धा-धा न करता बोलायला लागावा, तसं.

आता लपवण्याबद्दल. यातल्या कुठल्याही जुन्या तबकडीच्या चकतीवर या जेमर्सनचं नाव नाही. 'फंक ब्रदर्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वादकांपैकी कुणाचंच नाही. आणखी एक. मागचे आवाज नीट ऐका. तिघा पुरुषांच्या वर स्त्रियांचे आवाज ऐकू येतात. त्या 'अँडांटीज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन बाया, जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत त्यांनी मागे आवाज दिले, फोर टॉप्सच्या बहुतेक मोठ्या गाण्यांत त्या आहेत, आणि तबकडीवर नाव फक्त चौघांचं. म्हणजे 'चार माणसं' हे पूर्ण खरं नव्हे. कार्यक्रमात चार, तबकडीवर सात, आणि वादक धरले तर वीसच्या घरात. अभिलेख म्हणजे सत्य नव्हे, अभिलेख कुणी लिहवून घेतला ते आधी पाहा, असं मी वर्गात सांगत असे. तेव्हा उदाहरणाला ताम्रपट घेत असे, आता ही तबकडी घेतली असती.

तरीही नावाची एक गोष्ट या चौघांच्या बाजूने सांगायलाच हवी. १९६५ नंतर मोटाउनमध्ये मुख्य गायकाचं नाव समूहाच्या पुढे लावायची लाट आली. 'स्मोकी रॉबिन्सन अँड द मिरॅकल्स', 'मार्था रीव्हज अँड द व्हँडेलाज', आणि १९६७ मध्ये 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स'. जिथे जिथे असं झालं तिथे पुढचं पाऊल ठरलेलं, मुख्य गायक एक दिवस एकटा निघतो. स्टब्सला हे सुचवलं गेलं असणार हे सांगायला नको, त्याच्यासारखा आवाज त्या इमारतीत दुसरा नव्हता. पण 'लीव्हाय स्टब्स अँड द फोर टॉप्स' असं कुठल्याही तबकडीवर कधी छापलं गेलं नाही. तो एकटा बाहेर पडला नाही. मिळकतही चौघांत सारखी वाटली जाई.

माझ्या एका मैत्रिणीला (तीही निवृत्त शिक्षिका) हे सांगितलं तर ती म्हणाली, 'त्यात त्याचं नुकसान झालं की.' झालं असेलही. एकट्याने गायला असता तर त्याचं नाव अरेथा फ्रँकलिन किंवा मार्विन गे यांच्याइतकं घरोघरी गेलं असतं, हे मलाही वाटतं. पण 'बर्नाडेट'मधून मागचे आवाज वजा करून ऐका (कल्पनेतच, अर्थात). राहते ती नुसती आरोळी. त्या आरोळीला करुण करतात ते मागचे शांत सूर. तेव्हा मैत्रिणीचा हिशोब मला अर्धवट वाटतो.

१९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉईट पेटलं. दंगलीत ४३ माणसं मेली. वर्षअखेरीस हॉलंड-डोझियर-हॉलंड यांचं कंपनीशी पैशावरून बिनसलं आणि ते बाहेर पडले, प्रकरण कोर्टात गेलं. इथून फोर टॉप्सचा पाय घसरला. दुसऱ्यांची गाजलेली गाणी गाऊन काही काळ निभावलं, त्यांतलं 'वॉक अवे रेने' चांगलंच चाललं. १९७० मध्ये फ्रँक विल्सनने 'स्टिल वॉटर्स रन डीप' ही तबकडी बसवली. ती मला फार आवडते. स्टब्स इथे ओरडत नाही. पट्टी उतरली आहे, आणि त्या तिघांचे आवाज एकदाचे मनसोक्त पुढे येतात. गाणी एकातून दुसऱ्यात वाहत जातात. त्याच वर्षी 'सुप्रीम्स'बरोबरही त्यांनी एक तबकडी केली. तोवर डायना रॉस त्यांना सोडून गेली होती.

आता ओबी बेन्सनची गोष्ट. मला वाटतं या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोचरी हीच. मे १९६९ मध्ये दौऱ्यावर असताना कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात एका बागेच्या जागेवरून विद्यार्थी आणि पोलीस यांच्यात झालेला संघर्ष बेन्सनने पाहिला. पोरांना मारताहेत, तिकडे व्हिएतनामात पोरं मरताहेत, हे चाललंय काय, असा प्रश्न त्याच्या डोक्यात घोळत राहिला. त्याने अल क्लीव्हलँड या गीतकाराला बरोबर घेऊन त्याचं गाणं केलं आणि आपल्या तिघा मित्रांपुढे ठेवलं. तिघांनी नाही म्हटलं. हे निषेधाचं गाणं आहे, आपलं नाही. बेन्सन म्हणत राहिला की अरे, हे प्रेमाचंच गाणं आहे. पण नाही ते नाहीच.

ते गाणं मार्विन गेकडे गेलं. त्याने त्यात आपली भर घातली आणि १९७१ मध्ये 'व्हॉट्स गोइंग ऑन' म्हणून ते बाहेर आलं. गॉर्डीलाही ते नको होतं, बरं का. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच नावाची तबकडी २०२० मध्ये 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने सर्व काळांतल्या तबकड्यांच्या यादीत पहिली ठरवली. तिच्यातल्या आणखी दोन गाण्यांच्या रचनेतही बेन्सनचा वाटा आहे. चौघांची मैत्री टिकली म्हणून मी वर कौतुक केलं, त्या टिकण्याची किंमत ही अशी. चौघांना मान्य होईल तेवढंच गायचं, म्हणजे एकाला पुढचं दिसलं तरी थांबायचं. बेन्सन थांबला. गाणं दिलं, समूह सोडला नाही. संध्याकाळी तिघांच्या बाजूला उभा राहून नेहमीची गाणी गातच राहिला.

१९७२ मध्ये मोटाउन कंपनीने डेट्रॉईट सोडून लॉस एंजेलिसला बस्तान हलवलं. जिने गावाला नाव दिलं तीच गाव सोडून गेली. टॉप्स गेले नाहीत. त्यांनी कंपनी सोडली, एबीसी-डनहिलमध्ये गेले, आणि 'कीपर ऑफ द कॅसल' आणि १९७३ चं 'एन्ट नो वूमन' ही दोन गाणी पुन्हा पहिल्या दहांत आणून दाखवली. दुसरं तर चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यानंतरची पाच-सात वर्षं मी भरभर ऐकली. डिस्कोची लाट आली होती आणि यांच्या अंगावर तो कपडा बसत नव्हता, एवढं पुरे. १९८१ मध्ये कॅसाब्लँका कंपनीतून 'व्हेन शी वॉज माय गर्ल' आलं आणि काळ्या संगीताच्या यादीत पहिलं गेलं. पंचेचाळिशीच्या माणसांचं गाणं, आणि तसंच वाटतं, जुनी ओळखीची बाई रस्त्यात दिसून पुढे निघून जावी तसं. १९८२ मध्ये त्यांनी 'आय बिलिव्ह इन यू अँड मी' गायलं. कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. चौदा वर्षांनी व्हिटनी ह्यूस्टनने ते एका चित्रपटासाठी गायलं तेव्हा सगळ्यांना ते तिचंच वाटलं.

नातवंडांसाठी एक माहिती. १९८६ च्या 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' या सिनेमात माणसं खाणारं एक झाड आहे ना, बोलणारं आणि गाणारं? तो आवाज स्टब्सचा. त्यासाठी लिहिलेलं त्याचं गाणं ऑस्करच्या नामांकनात होतं.

१९८८ मध्ये लॅमाँट डोझियर आणि फिल कॉलिन्स यांनी लिहिलेल्या एका गाण्याने त्यांना ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या दहांत नेलं. त्या डिसेंबरात लंडनहून घरी परतायला त्यांनी पॅन अ‍ॅमचं विमान ठरवलं होतं. तिथल्या कामात उशीर झाला आणि ते विमान हुकलं. २१ डिसेंबरला लॉकरबी गावावर बॉम्बस्फोटाने कोसळलं ते हेच विमान. आतली आणि जमिनीवरची मिळून २७० माणसं गेली. हे वाचल्यावर मी उठून पाणी प्यायले.

पेटन २० जून १९९७ रोजी यकृताच्या कर्करोगाने गेला. उरलेले तिघं काही काळ तिघंच गायले, आणि नावातला 'फोर' काढून नुसतं 'टॉप्स' म्हणवून घेतलं. चौथ्याची जागा लगेच भरायचं मन होईना. पुढे थिओ पीपल्स आला तेव्हा पुन्हा चार झाले. २००० साली स्टब्सला पक्षाघात झाला आणि त्याचं गाणं थांबलं. २००४ मध्ये समूहाच्या पन्नाशीनिमित्त डेट्रॉईटला मोठा कार्यक्रम झाला, त्यात त्याला चाकांच्या खुर्चीतून मंचावर आणलं. त्याचं चित्रीकरण भाच्याने मला दाखवलं. मी ते पूर्ण पाहू शकले नाही. ज्याचा आवाज पट्टीच्या वर ओढून ओढून घेतला गेला, त्याला आता सोयीच्या पट्टीतली एक ओळही जड जात होती.

बेन्सन १ जुलै २००५ ला गेला, स्टब्स १७ ऑक्टोबर २००८ ला. उरला फकीर. त्यानंतरही तो पंधरा-एक वर्षं गात राहिला, बाजूला नवी माणसं, त्यांत पेटनचा मुलगा. सगळ्यांत वरचा सूर त्याचा, आणि खालचे तिन्ही सूर आता दुसऱ्या कुणाचे. २०२२ मध्ये त्याने आठवणींचं पुस्तक काढलं. २२ जुलै २०२४ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी डेट्रॉईटमध्येच तो गेला. समूह आजही त्याच नावाने कार्यक्रम करतो.

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी यूट्यूबवर 'बर्नाडेट'पासून सुरुवात करावी, मग 'रीच आउट', मग 'स्टिल वॉटर्स रन डीप' पूर्ण, सलग, मध्ये न उठता. आणि शेवटी, गॉर्डीने कपाटात ठेवून दिलेली ती १९६३-६४ ची जॅझची गाणी ऐकावीत. 'ब्रेकिंग थ्रू' या नावाने ती १९९९ मध्ये बाहेर आली. पेटनला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यात मागे बायकांचे आवाज नाहीत, कुणी पट्टी चढवलेली नाही. चौघंच आहेत, आणि पेटनने बसवून दिलेल्या जागांवर नीट उभे आहेत.